आतली कड

"बाई, आता तुम्हाला त्रास नको. ड्रायव्हरने कबूल केलंय," फोनवरचा आवाज म्हणाला.

लग्नाचं बोलावणं करावं इतका तो आवाज गोड होता. निरीक्षकबाईंनी हातातला कप खाली ठेवला. एकवीस वर्षं त्या वाहन खात्यात अपघात झालेल्या गाड्या तपासत होत्या, आणि इतक्या गोड आवाजात त्यांना आजवर एकदाही खरं ऐकायला मिळालं नव्हतं.

"काय कबूल केलंय?"

"डुलकी लागली म्हणून. लिहून दिलंय, खाली सही आहे. मी स्वतः कागद घेऊन येतो. तुम्ही फक्त तुमचा अहवाल तेवढा..."

"तुम्ही येऊ नका. मी येते."

फोन ट्रान्सपोर्ट कंपनीच्या मॅनेजरचा होता. हा मॅनेजर म्हणजे मालकाच्या बायकोचा भाऊ. गाड्यांच्या आवारात सगळे त्याला मेव्हणेसाहेब म्हणत, आणि त्यातला 'साहेब' कसा म्हटला जातो हे दोन वर्षांत त्याच्या कानाला कळलं नव्हतं. बाईंनाही खात्यात मागून खडूस म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

प्रकरण आठ दिवसांचं जुनं होतं. भर दुपारी, कोरड्या सरळ रस्त्यावर, कंपनीचा ट्रक एकाएकी उजवीकडे वळला, समोरून येणाऱ्यांची लेन ओलांडून पलीकडच्या शीतगृहाच्या फाटकावर गेला आणि वॉचमनची चौकी आडवी करूनच थांबला. वॉचमनचे दोन्ही पाय मोडले. ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नाही, आणि त्याला दोषी ठरवायला लोकांना तेवढं पुरलं.

परवा सकाळी अकराला त्याच्या लायसन्सची सुनावणी होती. गाडीत दोष होता असं बाईंनी लिहिलं तर माणूस सुटणार होता. नाही तर लायसन्स कायमचं जाणार, वर फौजदारी. अहवाल आज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.

निघण्याआधी बाईंनी ड्रायव्हरचा पहिल्या दिवशीचा पोलिसांपुढचा जबाब पुन्हा वाचला. हवालदाराने तो बोलेल तसा उतरवला होता: 'गाडी महिनाभर क्लीनर साइडला ओढत होती. तशीच धरून चालवत होतो. पुढचा टायर फुटला आणि गाडी एकदम माझ्या साइडला गेली.' क्लीनर बसतो ती डावी बाजू, ड्रायव्हर बसतो ती उजवी. म्हणजे ओढत होती डावीकडे आणि गेली उजवीकडे. कुणीतरी समासात भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. प्रश्नचिन्ह काढून जबाबदारी संपते असं मानणाऱ्यांची खात्यात वाण नव्हती.

कंपनीचं ऑफिस काचेचं होतं आणि आतून शीतगृहासारखं थंड होतं. भिंतीवर पांढरा फळा, त्यावर लाल अक्षरांत: 'आज उभ्या असलेल्या गाड्या: शून्य'. मेव्हणेसाहेबाने आधी तो फळा दाखवला, मग खुर्ची.

"मी आल्यापासून एक गाडी एक दिवस उभी राहिलेली नाही," तो म्हणाला. "आधी इथे काय कारभार होता विचारा शेठना."

बाईंनी विचारलं नाही. त्यांनी कबुलीजबाब मागितला. कागद स्वच्छ टाइप केलेला होता. 'वाहन डावीकडे खेचत असल्याचे मी खोटे सांगितले. मला डुलकी लागल्याने वाहन उजवीकडे गेले. टायर धडकेमुळे फुटला.' खाली ड्रायव्हरची वाकडीतिकडी सही.

"हे त्यांनी सांगितलं आणि तुम्ही टाइप केलं?"

"शब्द त्यांचेच. मी फक्त शुद्धलेखन बघितलं."

"गाडीची शेवटची तपासणी कधी झाली?"

तो या प्रश्नाचीच वाट बघत होता. फाईल उघडलेलीच होती. अपघाताच्या चार दिवस आधीच्या तारखेचा अलाइनमेंटचा, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का याच्या तपासणीचा छापील फॉर्म, हाताने भरलेला: 'डावे चाक: आतील कड झिजलेली. उजवे चाक: बाहेरील कड झिजलेली. अलाइनमेंट दुरुस्त केले. वाहन चालविण्यास योग्य.' खाली मिस्त्रीची सही.

"हा कुणी भरला?"

"मिस्त्रीने. आला तसा मी फाईलला लावला."

"तुम्ही गाडी बघितली होती?"

"मी कशाला आवारात जातोय? ते ग्रीस, ती धूळ. मला गाड्यांतलं काही कळत नाही, आणि खरं सांगू, कळून घ्यायचंही नाही. माझं काम मॅनेजमेंटचं." हे सांगताना त्याने शर्टाची बाही झटकली.

"फुटलेला टायर कुठाय?"

"भंगारात गेला. चिंध्या झाल्या होत्या हो नुसत्या. कुठली कड न् कुठला मध्य, काही ओळखू येत नव्हतं." मग तो पुढे झुकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, वय झालंय त्यांचं. डोळा लागला. आणि म्हणे गाडी ओढते. नाचता येईना, अंगण वाकडं."

बाईंनी दोन्ही कागद बॅगेत टाकले आणि त्या आवारात गेल्या. पाठीमागून तो काचेआडून बघत होता. पायरीच्या खाली मात्र उतरला नाही.

ट्रक कोपऱ्यात उभा होता. उजवीकडचं पुढचं चाक काढलेलं, तिथे लाकडी ठोकळे लावलेले. डावीकडचं चाक जागेवर होतं. बाईंनी ओढणी कमरेला खोचली आणि त्याच्यापुढे उकिडव्या बसल्या.

त्यांच्या वडिलांचं टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. ते म्हणायचे, टायर डोळ्यांनी बघतो तो गिऱ्हाईक, हाताने बघतो तो कारागीर. बाईंनी चाकावर तळवा ठेवला. बाहेरची कड गुळगुळीत, टक्कल पडल्यासारखी. आतली कड मात्र ठीक, खाचा खोल. फॉर्मवर याच्या नेमकं उलटं लिहिलं होतं.

मग त्यांनी तळवा बाहेरून आत फिरवला. तो सरळ सरकला. आतून बाहेर फिरवला तर रबराची प्रत्येक धार बोटांना करवतीसारखी अडली. बाईंनी तीनदा फिरवून बघितलं. चाकाच्या नटांवर गंज आणि वाळलेला चिखल यांचा एकच सलग थर होता. त्या थराला नख लावलं तर तो पापुद्र्यासारखा सुटला.

नंतर त्या टेप घेऊन गाडीच्या दोन्ही बाजूंनी फिरल्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, आधी क्लीनर साइडला, मग ठोकळ्यांवरच्या, चाक बसतं त्या हबपासून ड्रायव्हर साइडला. दोन आकडे सारखे यायला हवे होते. ड्रायव्हर साइडचा आकडा दोन बोटं जास्त आला. बाई टॉर्च घेऊन गाडीखाली शिरल्या, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांपाशी बराच वेळ पडून राहिल्या आणि कोपरं काळी करून बाहेर आल्या. काय दिसलं ते त्यांनी वहीत लिहिलं आणि वही मिटली.

तेवढ्यात मालक आला. पांढरा शर्ट, जाड मनगटं, चालताना एका पायावर किंचित भार. त्याने पहिल्या वाक्यातच सांगितलं की त्याने स्वतः अठरा वर्षं ट्रक चालवला होता आणि या कंपनीची पहिली गाडीही तोच चालवायचा. अशी माणसं पुढे आपल्याच जुन्या धंद्यातल्या लोकांना सगळ्यात आधी विसरतात, असा बाईंचा अनुभव होता.

"अठरा वर्षं चालवलीत, मग ही गाडी कधी चालवून बघितलीत?"

"वेळ कुठे मिळतो? सगळं मेव्हण्यावर सोपवलंय."

"ड्रायव्हरची तक्रार तुमच्यापर्यंत आली होती?"

"तात्यांची? नाही. माझ्यापर्यंत तक्रारी येतच नाहीत." हे त्याला कौतुकाचं वाटत होतं.

बाईंना वाटलं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं अशी गत झालेला हा माणूस, आणि तरी घोड्यावर खूश आहे. पण खूश दिसणारा माणूस निर्दोषच असतो असं नाही. अपघाताचा डाग कंपनीपेक्षा ड्रायव्हरवर गेलेला मालकालाही परवडणार होता. वहीत त्यांनी त्याच्या नावापुढेही एक खूण केली.

तात्या, म्हणजे ड्रायव्हर, आवाराच्या मागेच कंपनीने दिलेल्या दोन खोल्यांत राहत होते. बाई गेल्या तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, डोळे लालबुंद. बायकोने खुर्ची पुसून दिली आणि ती दारातच उभी राहिली.

"तात्या, डुलकी लागली होती?"

"लिहून दिलंय ना मी."

"लिहिलेलं मी वाचलं. तुम्हाला विचारतेय."

ते म्हणाले की आता त्यांचं त्यांनाच कळत नाही. आधी खात्री होती. पण पोलीस म्हणाले, क्लीनर साइडला ओढणारी गाडी ड्रायव्हर साइडला जाईलच कशी. ऑफिसातही तेच. आठ दिवस ज्याने त्याने तेच विचारलं. मग वाटायला लागलं, लागला असेल डोळा. एक क्षणभर लागला असेल. त्या वॉचमनचे पाय आपणच मोडले असतील.

"बत्तीस वर्षं चालवतोय बाई. माझ्या चाकाखाली मांजर आलेलं नाही."

"गाडी ओढते हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

तात्यांनी बायकोकडे बघितलं. बायकोने खोलीच्या छताकडे.

"ऑफिसात," ते म्हणाले.

"ऑफिसात कुणाला?"

"जाऊ द्या बाई. सही केली की वकील देतील म्हणालेत. खोल्याही राहू देतील."

"कोण म्हणालं?"

उत्तर दारातून बायकोने दिलं, आणि बोलताना तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "या घरात राहून त्या घराबद्दल बोलायचं नसतं. एवढं आम्हाला कळतं."

भीतीने गप्प बसणाऱ्यांचा बाईंना राग येत नसे. त्यांना गप्प बसवून वर त्यांच्याच अक्कलहुशारीची कीव करणाऱ्यांचा यायचा, आणि तो राग त्या जपून ठेवत असत.

अलाइनमेंटचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. मिस्त्री खड्ड्यात उतरून काम करत होता. बाईंनी वरूनच फॉर्म त्याच्यासमोर धरला.

"ही सही तुमची?"

"माझीच."

"डावं चाक आतून झिजलं होतं?"

त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "डावं म्हणजे? क्लीनर साइडचं? नाही हो. क्लीनर साइड बाहेरून खाल्ली होती. ड्रायव्हर साइड आतून." मग त्याच्या लक्षात आलं की आपण जास्त बोललो, आणि तो पाना शोधायला लागला.

"मग इथे उलटं का लिहिलंय?"

"चुकलं असेल."

"अक्षर तुमचं आहे?"

पाना सापडला, आणि मिस्त्री तो घेऊन पुन्हा गाडीखाली वाकला. बाईंनी त्याला वर बोलावलं आणि शांतपणे सांगितलं की खोट्या तपासणीच्या कागदावर सही असलेल्याचं प्रमाणपत्र जातं, आणि कधीकधी तो स्वतःही आत जातो. त्यानंतर सगळं भडाभडा बाहेर आलं. महिन्याच्या एक तारखेला तो पन्नास कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून पॅड कंपनीच्या ऑफिसात पाठवून द्यायचा. कोण दर वेळी लिहीत बसणार. धंद्यात सगळेच तसं करतात. पॅड ऑफिसातल्या कपाटात असायचं आणि कपाटाला कुलूप नव्हतं. त्या तारखेला गाडी त्याच्याकडे आलीच नव्हती.

"म्हणजे तुम्ही तुमचा हात कापून कपाटात ठेवलात," बाई म्हणाल्या.

मिस्त्रीने मान खाली घातली. पण एका गोष्टीत त्याला गप्प राहवेना. महिन्याभरात तीनदा त्याने ती गाडी पुढून सेट केली होती. तिन्ही वेळा मशीनवर माप बरोबर, आणि तिन्ही वेळा आठ-दहा दिवसांत टायर आणखी खाल्लेले. "मी चिठ्ठी पाठवली ऑफिसात. पुढे काही नाहीये, मागचं उघडू द्या, एक दिवस गाडी उभी करा म्हणून. हे म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला चाललंय. कुणी ऐकलं नाही."

"चिठ्ठी कुणाच्या नावाने?"

"ऑफिसच्या. नाव घालायची आपल्यात पद्धत नाही."

चार वाजता बाईंनी सगळ्यांना आवारात बोलावलं. मालक आला, मिस्त्री आला, तात्या बायकोसोबत आले. मेव्हणेसाहेब सर्वांत शेवटी आला, बूट जपत, डबकी चुकवत. बाईंनी सगळ्यांना ट्रकच्या पुढे, दिव्यांकडे तोंड करून उभं केलं.

"अहवाल लिहायला घेतलाय," त्या म्हणाल्या. "एकच नोंद राहिली आहे. प्रत्येकाने हात करून मला या गाडीचं डावं चाक दाखवायचं. बोलायचं नाही."

"हे काय शाळेसारखं?" मेव्हणेसाहेब हसला.

तात्यांनी एकदा बाईंकडे बघितलं, जागच्या जागी वळले, ट्रककडे पाठ केली आणि डावा हात उचलला. मिस्त्रीने वळायचे कष्टही घेतले नाहीत, सरळ क्लीनरच्या दाराखालच्या चाकाकडे बोट केलं. मालक क्षणभर थांबला. मग अठरा वर्षांची सवय त्याच्याही खांद्यात जागी झाली. तोही गाडीकडे पाठ करून, गाडीचं तोंड होतं त्या दिशेने वळला आणि त्याच चाकाकडे हात केला.

मेव्हणेसाहेब ट्रककडे तोंड करून होता तसाच उभा होता. त्याने आपला डावा हात उचलला होता. बोट ठोकळे लावलेल्या, चाक नसलेल्या ड्रायव्हर साइडकडे होतं.

त्याने इतरांचे हात बघितले आणि आपला हळूच खाली घेतला. पण आवारात सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"गाडीचं डावं-उजवं गाडीत बसून ठरतं," बाई म्हणाल्या. "ज्याने एकदा स्टिअरिंग धरलंय किंवा नट खोललाय, तो डावं-उजवं म्हणतसुद्धा नाही. त्याला क्लीनर साइड आणि ड्रायव्हर साइड कळते. म्हणून पहिल्या दिवशी तात्या क्लीनर साइड म्हणाले. कबुलीजबाबात मात्र ते एकाएकी डावीकडे-उजवीकडे बोलायला लागले. ते शब्द त्यांचे नव्हते. ज्याने टाइप केले त्याचे होते."

"हा काय पुरावा झाला?" मेव्हणेसाहेब म्हणाला.

"तो नाही, हा." बाईंनी फॉर्म वर धरला. "इथे लिहिलंय, डावं चाक आतून झिजलेलं, उजवं बाहेरून. हे चाक बघा. डावं हे आहे, आणि झिजलंय बाहेरून. आता गाडीच्या तोंडासमोर उभं राहून, स्वतःच्या हाताने डावं-उजवं ठरवून तोच कागद वाचा. अक्षरन् अक्षर बरोबर येतो. हा फॉर्म मिस्त्री भरणार नाही, तात्या भरणार नाहीत, शेठही भरणार नाहीत. आत्ता तुमच्यासमोर बघितलंत. मिस्त्रीच्या कोऱ्या सहीवर हे भरणारा माणूस या आवारात एकच आहे."

"टायर नंतर इकडचे तिकडे केले असतील."

"या चाकाचे नट महिनाभरात कुणी खोललेले नाहीत. गंज सलग आहे. मेव्हणेसाहेब, पायरी उतरला असतात तर दिसलं असतं."

मिस्त्री खाकरला. बाई थांबल्या नाहीत.

"आता गाडीचं ऐका. पुढचं माप तीनदा बरोबर आलं, कारण पुढे दोष नव्हताच. मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा एक्सल पाट्यांना धरून ठेवणारा बोल्ट ड्रायव्हर साइडला तुटलाय. तुटलेल्या जागी जुना गंज आहे. तो एक्सल त्या बाजूला दोन बोटं मागे सरकलाय. अपघाताने सरकला म्हणाल, तर ड्रायव्हर साइडला समोरून धडक बसून हे अंतर कमी झालं असतं. ते वाढलेलं आहे. एक्सल तिरका झाला की गाडी खेकड्यासारखी चालते आणि तोंड क्लीनर साइडला नेते. ती सरळ ठेवायची तर ड्रायव्हरला स्टिअरिंग सारखं आपल्या बाजूला ओढून धरावं लागतं. मग पुढची दोन्ही चाकं रस्त्यावर घासत जातात, एक बाहेरून झिजतं, दुसरं आतून. हात फिरवून बघा, धार एकाच दिशेला अडते. अंगण खरंच वाकडं होतं."

मालकाने खरोखरच वाकून टायरवर हात फिरवला. आत, बाहेर, पुन्हा आत. उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"आणि शेवटचं," बाई मेव्हणेसाहेबाकडे वळल्या. "ड्रायव्हर साइडचा टायर आतून झिजलेला होता. आतली कड उभ्याने दिसत नाही, चाक पूर्ण वळवून वाकून बघावी लागते. अपघातानंतर त्या टायरच्या चिंध्या झाल्या, कुठली कड न् कुठला मध्य ओळखू येत नव्हतं, हे तुम्हीच मला सकाळी सांगितलंत. मग कागदावर आतली कड आली कुठून? खोटं बोलणाऱ्याला तपशिलाची भारी हौस असते. ती कड तुम्ही अपघाताच्या आधी बघितली होती. बघून गाडी रस्त्यावर पाठवली होती."

मग तात्यांनी, आठ दिवसांत पहिल्यांदाच, कुणी न विचारता तोंड उघडलं.

"मीच दाखवली होती," ते म्हणाले. "स्टिअरिंग पूर्ण वळवून. यांना खाली बोलावून आणलं होतं हात जोडून. आतून तारा दिसायला लागल्या होत्या. हे समोर उभे राहून वाकले, रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, अजून एक खेप निघेल."

"एक गाडी उभी केली असती तर काय बिघडलं असतं?" मालकाने मेव्हण्याला विचारलं.

मेव्हणेसाहेबाची नजर काचेपलीकडच्या फळ्याकडे गेली. शून्य. त्या शून्यासाठी एका माणसाचे पाय मोडले होते आणि दुसऱ्याला वेडं करायची तयारी झाली होती. मालकाने ते शून्य बघितलं आणि नजर फिरवली. दोन वर्षं तोही रोज ते वाचून खूश होत आला होता, हे बाईंनी त्याला सांगितलं नाही. ते त्याला कळलेलं दिसत होतं.

"ते कागद माझ्याकडे राहतील," बाई म्हणाल्या. "पोलिसांना मी मिस्त्रीच्या दुकानातून निघतानाच कळवलंय. मिस्त्री, तुमचं पॅड कपाटातून काढून स्वतः माझ्याकडे आणून द्या, आजच्या आज. आणि मेव्हणेसाहेब, तुम्ही आवारातच थांबा. आता धुळीची सवय करून घ्या."

त्यांनी ट्रकच्या बंपरवर वही ठेवून अहवाल पुरा केला. तात्या जवळ येऊन उभे राहिले. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं.

"बाई, हे सगळं कळलं," ते शेवटी म्हणाले. "गाडी वाकडी होती, टायर वाईट होता. पण डुलकीही लागली असेल ना? दोन्ही असू शकतं."

बाईंनी पेन थांबवलं. या माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरला नव्हता, आणि तो काढून घ्यायला टाइप केलेल्या चार ओळी पुरल्या होत्या. दिवसभर धरून ठेवलेला तिरस्कार पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातून नाहीसा झाला.

"तात्या, ही गाडी मोकळी सोडली तर कुठे जाते?"

"क्लीनर साइडला."

"झोपलेल्या माणसाचे हात मोकळे पडतात. तुम्ही झोपला असता तर गाडी क्लीनर साइडला गेली असती, शेतात. ती तुमच्या साइडला गेली, कारण तुम्ही तिला जोर लावून तिकडे धरून ठेवलं होतं, आणि त्याच बाजूचा टायर फुटला. दोन्ही जोर एक झाले. जबाबावर लोकांनी ज्यासाठी प्रश्नचिन्ह काढलं, तोच तुम्ही जागे असल्याचा पुरावा आहे. मी तसंच लिहिलंय."

तात्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं. बाईंनी पुन्हा सांगितलं. मग ते ट्रकच्या पायरीवर बसले आणि चेहरा दोन्ही हातांत घेतला. त्यांचे खांदे हलत होते आणि कुणी त्यांच्याकडे बघू नये म्हणून बायको पुढे येऊन उभी राहिली.

मालकाने घसा साफ केला. त्याला आता मोठेपणा सुचला होता. तो म्हणाला की झालं गेलं विसरून जावं, तात्या म्हणजे घरचेच, नवी गाडी त्यांनाच देऊ, उद्या सकाळी सहाला खेप आहे, यावं खुशाल.

तात्यांच्या बायकोने त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"उद्या नाही," ती म्हणाली. "डुलकी लागली म्हणून लिहून घेतलंत त्यांच्याकडून. आठ दिवस झाले, त्यांच्या डोळ्याला डोळा नाही. आता झोपू द्या त्यांना."

आणि नवऱ्याच्या दंडाला धरून ती त्यांना घरी घेऊन गेली.